भांडणाचं ताट

“बाई, दार लावा. लवकर लावा.”

मी खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवत होते. वळून पाहिलं तर उंबऱ्यात रणजित उभा. उजव्या कानामागून रक्त ओघळून शर्टाच्या कॉलरमध्ये मुरलं होतं आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पायात एकच चप्पल होती, दुसरी कुठे पळताना गेली असणार. तसल्या घाईतही त्यानं ती एकुलती एक चप्पल बाहेर पायरीवर काढली, नीट भिंतीला लावून ठेवली आणि मग आत आला. बालवाडीत चपला घालून यायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. तेव्हा तो माझ्या कमरेला लागायचा, आता दारातून येताना त्याला मान वाकवावी लागली.

“कोण आहे मागं?” मी विचारलं.

“नाक्यावरची. बाळादादाची पोरं. कोयतं हायती.”

“मागच्या खिडकीतून जा की! एक गज निघालेलाच आहे.”

“ओढ्याच्या अंगाला दोघं उभी हायती, बाई. तिकडनंच तर हानलं मला.” त्यानं कानामागे हात लावला, बोटं पाहिली आणि पँटला पुसली. “मला लपवा. पाया पडतो.”

खोली ती केवढी! गल्लीतल्या समाजमंदिराची एक बाजू आम्हाला बालवाडीसाठी दिलेली. एक दार, एक खिडकी, एक कपाट, तांदळाचं पोतं, वजनकाटा, आणि कोपऱ्यात लग्नाकार्याच्या सतरंज्या गुंडाळून उभ्या केलेल्या. माणूस लपेल अशी तेवढीच जागा. मी तिकडे बोट केलं. रणजित सतरंज्यांच्या मागे गेला, गुडघे पोटाशी घेऊन बसला, आणि मी एक सतरंजी पुढे ओढून घेतली.

मग मला चप्पल आठवली. मी धावत पायरीवर गेले, चप्पल उचलली आणि पदराखाली घेतली. गल्ली अशी सुनसान मी कधीच पाहिली नव्हती. समोरच्या गिरणीचा पट्टा फिरत होता, पण गिरणीत माणूस नव्हता. लांबून मोटरसायकलींचा आवाज येत होता. मी आत आले, दार नुसतं लोटलं आणि चप्पल तांदळाच्या पोत्यात खुपसली. कडी लावावी असं फार वाटत होतं, पण दिवसाढवळ्या बालवाडीला कडी दिसली असती तर त्यांनी ती फोडलीच असती.

कार्तिकी हे सगळं डोळे मोठे करून बघत होती.

ही कार्तिकी म्हणजे त्या वर्षीची सगळ्यात बडबडी पोर. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचा बाप कुणाला काय बोलला, सगळं सकाळी बालवाडीत येऊन सांगणार. तिची आई हायवेवर द्राक्षांच्या शेडमध्ये कामाला जायची. सकाळी गलका झाल्यावर बाकीच्या आयांनी गाणं चालू असतानाच आपापली पोरं उचलून नेली होती. आमची मदतनीस हौसाबाई उरलेल्या दोघांना घरी पोचवायला गेली ती परत आलीच नाही, आणि मी तिला दोष देत नाही. राहिलो आम्ही दोघी. मी कार्तिकीपुढे तिची ताटली सरकवली आणि म्हटलं, “हाताची घडी, तोंडावर बोट. मी सांगेपर्यंत काढायचं नाही.”

तिनं लगेच घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं. खिचडी समोर वाफाळत राहिली.

भांडण कशावरून, तर एका फ्लेक्सवरून. बाळादादा म्हणजे नाक्यावरच्या पोरांचा म्होरक्या. त्याचा आदल्या दिवशी वाढदिवस झाला. गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे सिंह, असा त्याचा दोन मजली फ्लेक्स चौकात लागला होता. तलवारीनं केक कापला, आमच्या गिरणीवाल्यालाही भरवला. आणि सकाळी उठून बघतात तर फ्लेक्स गळ्यापासून पोटापर्यंत फाटलेला. कुणी फाडला? चौकशी नाही, विचारपूस नाही, पहिलं नाव निघालं ते माळावरच्या वसाहतीतल्या रणजितचं. त्याचं नाव निघणारच होतं. गल्लीत काचही फुटली तरी त्याचं नाव निघायचं. अगदी तीन-चार वर्षांचा होता तेव्हापासून.

कारण रणजित चावायचा.

मी एवढी वर्षं पोरं सांभाळली, ढकलणारी पाहिली, केस ओढणारी पाहिली, पण रणजितसारखा चावणारा दुसरा नाही. दंड, खांदा, गाल, जे पुढ्यात येईल ते. सकाळी शहाण्यासारखा यायचा, गाणी म्हणायचा. मग खिचडीचं पातेलं स्टोव्हवर चढून वास सुटायला लागला की त्याच्या अंगात काहीतरी शिरायचं. तिथपासून पानं मांडेपर्यंत कुणाची तरी किंकाळी ठरलेली. मी म्हणायचे, उकाड्यानं कावतो. पोरांच्या आया भांडायला यायच्या, “त्या चावऱ्याला काढा, नायतर आमची पोरं काढतो.” ते नाव त्याला चिकटलं. पुढे शाळेतल्या गुरुजींनाही ते आधीच ठाऊक होतं. मिसरूड फुटली तरी लोक त्याला ‘चावऱ्या’च म्हणत राहिले.

आणि चावा बसायचा तो बहुतेक वेळा हणमंताला, कारण तो शेजारी बसायचा आणि ओरडायचा नाही.

नाव हणमंत, आणि जीव चिमणीएवढा. वरातीचा बँड गल्लीत शिरला की पठ्ठ्या सतरंज्यांच्या मागे. फटाका वाजला, सतरंज्यांच्या मागे. लस टोचणाऱ्या नर्सबाई आल्या की शोधावं लागायचंच नाही, सरळ कोपऱ्यात जाऊन हात धरून बाहेर काढायचा. रणजित चावला की त्याचे डोळे भरून यायचे, पण तोंडातून आवाज नाही.

माझ्याकडे मारणाऱ्याला मार मिळत नसे. माझा एक नेम होता. ज्यानं मारलं आणि ज्याला लागलं, त्या दोघांनी त्या दिवशी एका ताटात जेवायचं. बाकीच्यांना स्टीलच्या छोट्या ताटल्या, आणि या दोघांना मी घरून आणलेलं जर्मनचं मोठं ताट. ज्याला लागलं त्यानं खिचडीत मधोमध बोटानं रेघ ओढायची. आपापल्या बाजूचं खायचं आणि दुसऱ्याचं संपेपर्यंत उठायचं नाही. पोरांनीच त्याचं नाव पाडलं, भांडणाचं ताट. एरवी ते कपाटावर पालथं पडलेलं असायचं. पण रणजित-हणमंताच्या वेळी ते जवळजवळ रोज खाली यायचं.

रेघ हणमंत ओढायचा आणि ती कधीच मधे यायची नाही. सारखी त्याच्याच अंगावर. रणजितची बाजू भलीमोठी, याची बोटभर. मी म्हणायचे, “अरे, मधे ओढ की! भितोस काय त्याला?” तो एकदा रणजितकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि रेघ तशीच ठेवायचा. मला वाईट वाटायचं. भित्र्याचा वाटा असाच जातो, असं मनात म्हणून मी त्याला नंतर चमचाभर वरून वाढायचे.

मोटरसायकली समोर येऊन थांबल्या. सगळ्यांची इंजिनं बंद झाली.

“गेला कुठं?”

“हिकडंच वळला होता.”

“बालवाडीत बगा.”

“हण्म्या, तू जा आत,” एक जाड आवाज म्हणाला. तो बाळादादाचा असावा. “लय दिवस नुसता मागं मागं फिरतोस. आज तुजा नंबर. सापडला तर तूच हानायचा. तवा तू आपला.”

कुणीतरी हसलं. दार उघडलं.

पातळ दाढी आली होती, अंगात काळा टीशर्ट, हातात ऊस तोडायचा कोयता. पण डोळे तेच होते. हणमंतानं मला पाहिलं आणि खाली बघितलं. मग एक पाय दुसऱ्या पायाला घासून त्यानं चपला काढल्या. बाहेर पुन्हा हसू फुटलं. “आरं, देवळात चाललायस व्हय?”

तो आत आला आणि दार मागे अर्धवट लोटलं. कोयत्याचं टोक थरथरत होतं. ते पाहून मला धीर यायला हवा होता, पण उलट जास्तच भीती वाटली. भ्यालेल्या माणसाच्या हातातला कोयता कुठे पडेल याचा नेम नसतो.

“बाई, रण्या आलाय का हितं?”

“कोण येणार इथं? पोरं घरी गेली सकाळीच. मी आणि ही कार्तिकी.”

माझा आवाज मलाच परका वाटला. हणमंतानं कपाट पाहिलं, पोतं पाहिलं. कार्तिकीकडे पाहिलं.

“ही जेवत का न्हाई?”

“शिक्षा केलीय. फार बोलते.”

तो तिच्यापुढे उकिडवा बसला. कोयता त्यानं पाठीमागे धरला, हे मला दिसलं. “कोण आलं होतं गं हितं?” तो हळू आवाजात म्हणाला.

कार्तिकीनं ओठांवरचं बोट आणखी दाबलं, इतकं की ओठ पांढरे पडले. पोरीनं शब्द पाळला. पण डोळ्यांवर बोट ठेवायला मी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे हळूच वळले आणि कोपऱ्यात जाऊन थांबले.

हणमंतानंही मान वळवली. सतरंज्यांकडे तो बघत राहिला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. या खोलीत लपायची जागा कोणती, हे हणमंतापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तिथली धूळ त्याच्या नाकातोंडात गेलेली. तिथे बसल्यावर कुठल्या फटीतून दार दिसतं, हेही त्याला माहीत.

तो उठला. कोयता पुढे आला. कोपऱ्याकडे त्यानं एक पाऊल टाकलं.

“हणमंता,” मी म्हटलं, “जेवलास का?”

दुसरं काही सुचलंच नाही मला. आरडाओरडा केला असता तर बाहेरचे आत आले असते.

तो थांबला. “न्हाई.”

“सकाळपासून?”

“काल केक खाल्ला होता.”

“मग बस. खिचडी गरम आहे.”

“बाई, बाहेर...”

“बस म्हणते ना. दोन घास खायला काय वेळ लागतो?”

तो दाराकडे बघून घुटमळला. बाहेरून हाक आली, “काय झालं रं?” तो ओरडला, “बघतुय!” आणि खरंच खाली बसला. पाठ कोपऱ्याकडे करून, मांडी घालून, जसा पूर्वी बसायचा तसा. मी कपाटाकडे वळले. हात वर केला, ताट काढलं, त्याच्यापुढे ठेवलं, दोन डाव खिचडी वाढली, वर आणखी दोन डाव वाढले. पातेल्याकडे हात परत नेताना माझं लक्ष ताटाकडे गेलं.

स्टीलच्या ताटल्यांची चळत खाली, हाताशी होती. मी वरचं जर्मनचं ताट काढलं होतं. रणजित आणि हणमंत एका छपराखाली आले की माझा हात तिकडेच जायचा. वर्षानुवर्षांचा हात, त्यानं मला विचारलंच नाही. आणि वाढली होती ती दोघांची खिचडी.

हणमंत ताटाकडे बघत होता. ताटाच्या काठाला एक पोचा होता, त्यावर त्यानं अंगठा फिरवला.

“बाई,” तो म्हणाला. इतक्या हळू की मला त्याचे ओठ बघावे लागले. “ह्ये भांडणाचं ताट न्हवं?”

त्याचा अंगठा पोच्यावरच होता.

“दोघं असली तरच काढायचा तुमी.”

पोराला लपवलं मी आणि दाखवून दिलं तेही मीच, एवढा एकच विचार डोक्यात घण घातल्यासारखा पडत होता. मी त्याच्या आणि सतरंज्यांच्या मधे जाऊन उभं राहावं म्हटलं, तर पाय उचलेना. हात जोडावेत म्हटलं, तर एका हातात डाव तसाच.

हणमंतानं कोयता जमिनीवर ठेवला. आधी उजवीकडे ठेवला. मग जेवताना हाताला लागेल म्हणून असेल, उचलून डावीकडे ठेवला. त्यानं ताटात बोट घातलं, खिचडीत काहीतरी केलं आणि खायला लागला. मी त्याच्या ताटाकडे बघतच नव्हते. माझे डोळे कोयत्यावर होते. मूठ नवी होती, लाकडाची, आणि पातं कुणीतरी नुकतंच घासून घेतलेलं.

तो मोठे मोठे घास घेत होता. मधेच कोपऱ्यातली सतरंजी जराशी हलली. वरून धूळ खाली पडली. उन्हाच्या पट्ट्यात ती धूळ मला दिसली, कार्तिकीला दिसली. हणमंताची पाठ होती, पण त्याला ऐकू आलं असणार, कारण त्याचं तोंड हलायचं थांबलं. गालात घास तसाच. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली.

त्यानं मान वळवली नाही. घास गिळला आणि दुसरा घेतला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एक दांडगा पोरगा बुटांसकट आत आला. त्याच्या हातात तलवार होती, कालच्या केकचीच असावी.

“आरं, जेवाय बसलास व्हय?”

“बाईंनी बसवलं.”

“बाईंनी बसवलं! आन् रण्या?”

“हितं कोण न्हाई.”

“सगळं बघितलंस?” त्यानं कपाटाचं दार तलवारीनं उघडलं. पाट्या, रंगीत ठोकळे, बाहुली. मग त्यानं तलवारीचं टोक सतरंज्यांच्या दिशेला फिरवलं. “ते काय हाय?”

कार्तिकी रडायला लागली. ओठांवर बोट तसंच ठेवून, आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी.

“मी बघितलंय म्हणालो न्हवं?” हणमंत म्हणाला.

तो मोठ्यानं बोलला नाही. पण असा आवाज त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. त्यानं कोयता उचलला आणि उभा राहिला. “बारकी पोर हाय हितं. तिला रडवू नगं. चल भाईर.”

तो दांडगा त्याच्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून बाहेर गेला. “न्हाई रं दादा, वर वसाहतीत गेला असंल.”

हणमंत बादलीपाशी गेला, हात धुतला, पँटला पुसला. चपला घालताना तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, ताटावरनं आधी उठलो. माफ करा.”

कुणीतरी शीळ घालून ओढ्याकडच्या दोघांनाही बोलावून घेतलं आणि मोटरसायकली सुरू झाल्या. आवाज माळाच्या दिशेला गेला, बारीक होत गेला. मी मटकन खाली बसले आणि डाव माझ्या हातातून गळून पडला. कार्तिकीनं विचारलं, “बाई, आता बोलू?” मी तिला पोटाशी धरलं. मग तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

रणजित सतरंजीमागून रांगत बाहेर आला. त्याचं तोंड धुळीनं पांढरं झालं होतं, त्यावर घामाचे ओघळ. हणमंतानं कोयता ठेवला होता ती जागा त्यानं पाहिली. मग ताट पाहिलं.

“रेघ ओढलीय त्यानं,” तो म्हणाला.

तेव्हा मी ताटाकडे नीट पाहिलं. एका बाजूची खिचडी संपली होती, अगदी शितं वेचून खाल्लेली. दुसरी बाजू जशीच्या तशी होती, आणि मधे बोटानं ओढलेल्या रेघेचा काठ. रेघ मधोमध नव्हती. हणमंताच्या अंगावर, त्याच्या बसायच्या जागेच्या अगदी जवळ ओढलेली. ताटाचा मोठा भाग पलीकडे राहिला होता.

“अजून मला भितोय व्हय तो?” रणजितनं विचारलं. “कोयता त्याच्या हातात होता, बाई.”

मी ताट त्याच्याकडे सरकवलं. “बस,” म्हटलं, “चार घास खा आणि जा.”

तो बसला. घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि त्याचा हात तिथेच थांबला. घास परत ताटात पडला. “उतरत न्हाई,” तो म्हणाला आणि मनगटानं डोळे पुसले. “म्या न्हाई फाडला तो बॅनर, बाई. रातभर वारं सुटलं होतं. पण माझं कोण ऐकणार?”

लांबून पुन्हा कसलासा आवाज झाला. मोटरसायकल होती की गिरणी, कोण जाणे. रणजित उठला, खिडकीच्या निघालेल्या गजाच्या जागेतून अंग तिरकं करून बाहेर सरकला आणि ओढ्यात उतरला. अनवाणीच. त्याची चप्पल तांदळात राहिली ती मला दुसऱ्या दिवशी मापटं भरताना सापडली.

त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. गोव्याकडे कुठेतरी ट्रकवर आहे, असं मधे त्याच्या आईनं सांगितलं. सुखरूप आहे, एवढं कळलं ते पुष्कळ झालं.

पण खिडकीतून उतरताना त्याला ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण बोलणं थांबतं कुठे! दिवस मावळायच्या आत ते नाक्यावर पोचलं. आणि नाक्यावरच्या पोरांनी हणमंताला त्याच फाटक्या फ्लेक्सखाली उभा करून विचारलं.

दोन दिवसांनी मी सरकारी दवाखान्यात गेले. त्याची आई बाहेर बाकावर बसली होती, तिनं माझ्याकडे पाहून मान फिरवली. आत हणमंत खाटेवर होता. डोक्याला पट्टी, एक डोळा पूर्ण मिटलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले होते, हात राहील, पण बोटांचं काही सांगता येत नाही. मी स्टुलावर बसले. डब्यात खिचडी आणली होती, दुसरं काय नेणार मी?

“पोलीस आलं होतं,” तो म्हणाला. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते. “जिन्यावरनं पडलो म्हणून सांगितलं.”

“तुला काय गरज होती रे त्यांच्यात जायची?”

“त्यांच्यात असलं की त्यांचं भ्या वाटत न्हाई, बाई,” तो म्हणाला.

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मला दोन दिवस जे खुपत होतं ते मी विचारून टाकलं.

“हणमंता, रेघ अशी का ओढलीस? कोयता तुझ्याकडे होता. तू कशाला भ्यायचंस त्याला?”

“भ्यायलो न्हाई.”

“लहानपणी तरी भीत होतास. रोज त्याला मोठा वाटा द्यायचास.”

त्याचा उघडा डोळा माझ्याकडे वळला. मी काहीतरी वेड्यासारखं बोलले असावं, तशी नजर होती.

“भ्याचं न्हवतं ते,” तो म्हणाला. “रण्याची आई अंधारातच कामाला जायची. त्याच्या घरात सकाळचं काय नसायचं खायाला. माज्या घरात भाकरी असायची, मी खाऊन यायचो. त्यो उपाशी असायचा, बाई. वास सुटला की त्याला दम निघायचा न्हाई, मग चावायचा. जेवल्यावर कवा चावलाय का त्यो? आठवा बघू.”

मी आठवून पाहिलं. खिचडीच्या आधीच्या सगळ्या किंकाळ्या मला आठवल्या. जेवणानंतरची एकही आठवेना.

खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू केली. हणमंताचं सगळं अंग दचकलं आणि त्याचा चांगला हात चादरीवरून माझ्याकडे सरकला. मी तो धरला. तो आवाज फाटकापार जाईपर्यंत सोडला नाही.

“मग त्यो जेवला का?” हणमंतानं विचारलं.

“जेवला,” मी म्हटलं. “ताट पुसून जेवला. मगच गेला.”

“मग बरं.”

त्यानं डोळा मिटला. मी डबा उघडला, खिचडी कालवली आणि पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला.